डाव्या पायाचा बूट

बुटांच्या शोरूममध्ये त्याला सगळे 'भिंतवाले' म्हणायचे. मॅनेजरपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे. दुकानात शिरल्यावर समोर जी लांबलचक भिंत दिसते, ती त्याच्या ताब्यात होती. कोणता बूट डोळ्यांसमोर ठेवायचा, कोणता खाली, नाक बाहेर की टाच बाहेर, नाडी कशी आत खोचायची, हे तोच ठरवायचा. बुटाचा आकार बिघडू नये म्हणून पुढच्या भागात पातळ कागदाचा बोळा कोंबायचा, तोही त्याच्याच हातचा. भिंतीवर जोडीतला एकच बूट लागे, उजव्या पायाचा. डावा खोक्यात, आणि खोकं मागच्या गोदामात. जागा वाचते, धूळ निम्म्याच मालावर बसते आणि चोरीची भीती राहत नाही. एकच बूट चोरून नेईल असा चोर अजून जन्माला यायचा होता.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, दार उघडलं की अरुंद बोळ, आणि त्या बोळात चपला, सँडल, बूट आणि फाटक्या स्लिपरांचा ढीग. बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. सकाळी घाईत निघताना तिचा एक सँडल हमखास त्या ढिगात बुडालेला असे. "जगाच्या भिंती सजवतोस," ती म्हणायची, "आणि आपल्याकडे पाहुण्याला चपलांमधून पोहत यावं लागतं."

मग शोरूमचं नूतनीकरण निघालं. जुन्या भिंतीच्या खाचा पाडलेल्या फळ्या भंगारात जाणार होत्या. त्याने मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, "न्या की भिंतवाले, तुमचीच आहे ती." एका रविवारी त्याने ड्रिल मशीन मागून आणलं, फळ्या बोळाच्या भिंतीला ठोकल्या, खाचांत स्टीलचे हुक अडकवले, हुकांवर काचेच्या छोट्या पट्ट्या बसवल्या आणि वर एक दिवा लावला. त्याचे वडील दारात खुर्ची ओढून बसले आणि सगळं काम पंच असल्यासारखे बघत राहिले.

"जोडे म्हणजे काय फोटो आहेत का रे, भिंतीवर लावायला?"

"तुम्हाला वाकायला नको, बाबा. तुमचे बूट बरोब्बर कमरेच्या उंचीवर ठेवतो. हात लांब केला की मिळाले."

"म्हणजे आता कुठला बूट कुठे गेला याचा विचार करत उभं राहायला नको."

"तसंच."

"मग म्हातारपणी करायचं काय माणसाने?"

संध्याकाळपर्यंत घरातले सगळे जोड पॉलिश होऊन रांगेत लागले. बायकोने दिवा लावला, विझवला, परत लावला. समोरच्या दारातल्या काकूंना बोलावून दाखवलं. त्या रात्री जेवताना वडीलही दोनदा उठून बोळात डोकावून आले, पण चांगलं झालंय असं काही त्यांनी कबूल केलं नाही.

वडिलांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. ऑपरेटर. कानाला यंत्र लावून, हातात वायर धरून त्यांनी अख्ख्या शहराची गाठ घालून दिली होती. नंबर तोंडपाठ. मित्र त्यांना 'डिरेक्टरी' म्हणायचे. अजूनही बागेतल्या बाकावर जुने दोस्त टेलरकाका त्यांची परीक्षा घ्यायचे, "डिरेक्टरी, बर्फाच्या कारखान्याचा नंबर सांगा." ते डोळे मिटून सांगायचे. कारखाना बंद पडून जमाना झाला होता, तपासणार कोण? पण शंका कोणालाच यायची नाही.

सकाळ-संध्याकाळ ते या बागेत जायचे. पायांत तपकिरी रंगाचे नाडीचे बूट, मुलाच्याच दुकानातले. घरात सपाता असायच्या, पण त्या घालून रस्त्यावर जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "सपाता घालून माणूस मोरीपर्यंत जातो," ते म्हणायचे, "त्याच्यापुढे नाही."

एका संध्याकाळी ते वेळेवर परत आले नाहीत. नेहमीचा रस्ता खोदून ठेवला होता, वळसा घेताना ते भरकटले. शेवटी एका ट्रॅफिक पोलिसाचा फोन आला. मुलगा धावत गेला, तर वडील पोलिसाच्या स्टुलावर बसून त्याच्याच कपातला चहा पीत होते, चेहरा उतरलेला.

"मी वाट चुकलो नव्हतो," ते म्हणाले. "वाटच चुकीची झाली होती."

त्यावर दोघे हसले. पण काही आठवड्यांनी ते पुन्हा हरवले. जुनी एक्स्चेंजची इमारत बघायला गेले, आणि येताना उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले. या वेळी फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड होती. मॅनेजरने जाऊ दिलं, पण तोंड वाकडं करून.

डॉक्टरांनी वडिलांना बरेच प्रश्न विचारले, आकडे उलटे मोजायला लावले. वडिलांनी मोजले, आणि वर डॉक्टरांनाच एक चूक दाखवली. डॉक्टर म्हणाले, "या वयात एवढं व्हायचंच. चालणं मात्र बंद करू नका. माणसांत राहू द्या. खिशात घरचा नंबर असू दे."

"नंबर? माझ्या खिशात?" वडील म्हणाले, आणि सून खो खो हसली.

मुलाला हसू आलं नाही. त्याला भीती बसली होती. रस्त्यात गाडीचा ब्रेक करकचून वाजला की तो काम सोडून दुकानाच्या दाराशी जायचा. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीच्या आत थोडा वैतागही होता. मॅनेजरने नवा सेल लावला होता, सेलभर सुट्टी नाही असं बजावलं होतं. अशात पुन्हा फोन आला तर? वडिलांना सरळ सांगावं, 'बाबा, काही दिवस एकटे जाऊ नका,' तर ते ऐकणार नव्हते. ज्या माणसाने शहराला वाट दाखवली, त्याला घरात बस म्हणायचं, याला छाती लागते. त्याची नव्हती.

सेलच्या आधी तो दुकानातली भिंत लावत होता. उजव्या पायाचे बूट एकामागून एक फळीवर जात होते. एक बूट हातात धरून तो थांबला, आणि त्याच्या मनात आलं की एका बुटाने कोणी चालत जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील अंघोळीला गेले होते, बायको स्वयंपाकघरात होती. त्याने भिंतीवरचा तपकिरी जोडीतला डावा बूट उचलला, पिशवीत डब्याच्या खाली ठेवला आणि वर नॅपकिन पसरला. उजवा तसाच राहू दिला, नाक बाहेर, नाडी आत. दुकानात गेल्यावर गोदामातल्या अगदी वरच्या मांडणीवर, विक्रीतून बाद झालेल्या मालात एक रिकामं खोकं बघून त्यात तो ठेवला. सवयीने आत कागदाचा बोळाही कोंबला. सेल संपेपर्यंतचा प्रश्न आहे, त्याने स्वतःला सांगितलं. मग परत ठेवू. कोणाचं काय बिघडणार आहे?

संध्याकाळी घरी आला तर वडील बोळात उभे.

"अरे, माझा डावा बूट बघितलास का?"

"नाही, बाबा."

इतकं सहज तोंडातून गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

त्या दिवशी घर उलटंपालटं झालं. सूनबाईंनी कपाटामागे झाडू फिरवला. वडील कॉटखाली वाकले, आणि खाली अंधार आहे म्हणाले, तेव्हा मुलगा बॅटरी घेऊन आला. वडील गुडघ्यांवर, गाल फरशीला टेकलेला, आणि तो शेजारी उकिडवा बसून उजेड पाडत होता. "जरा डावीकडे धर," वडील म्हणाले. त्याने डावीकडे धरली.

"कोणीतरी नेला असेल," सून म्हणाली.

वडील फरशीवरच बसून राहिले. विचार करताना ते पूर्वीपासून असेच स्वस्थ बसायचे. "चोर एक बूट नेत नाही," ते म्हणाले. "कुत्रं तिसऱ्या मजल्यावर येत नाही. तुम्ही दोघं माझ्या बुटाला हात लावत नाही. राहिलं कोण? मी." आणि ते थोडे हसले. "कुठेतरी ठेवून आलो असणार."

"एका पायात बूट नसताना घरी कसे याल, बाबा?" सून म्हणाली.

"तेच तर. तेवढंही कळलं नाही मला."

मुलगा म्हणाला, "जाऊ द्या हो. मी नवे आणतो दुकानातून."

"नको. आधीच्याचं काय झालं ते कळल्याशिवाय दुसरे घालणार नाही मी."

हे ऐकून त्याला हायसं वाटलं. नवे आणायची टाळाटाळ करायला नको. तेवढ्यात हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि तो हात धुवायच्या निमित्ताने उठला.

सेल जोरात होता. भिंतीवरचे बूट निघत होते, तो नवे लावत होता, फोन वाजत नव्हता. पहिले काही दिवस त्याने स्वतःची पाठ थोपटली. पण रोज घरी आलं की बोळात दिवा लागलेला असे, आणि त्या उजेडात एकटा उजवा बूट. वडिलांनी तो तिथून हलवू दिला नव्हता. "राहू दे," ते म्हणाले, "बघितला की आठवेल कदाचित."

त्यांना काही आठवलं नाही. आठवण्यासारखं काही नव्हतंच. पण ते शोधत राहिले, आणि बूट सापडेना तसे स्वतःकडे संशयाने बघू लागले. आधी गॅस. चहा स्वतः करायचे, ते बंद केलं. "सूनबाई, मी शेगडी चालू ठेवून विसरलो तर? बुटाचं बघितलंस ना?" मग घराची किल्ली त्यांनी मुलाच्या हातात ठेवली. "तुझ्याकडे असू दे. माझा भरवसा नाही." फोन वाजला तर उचलेनात. एक दिवस टेलरकाका जिने चढून धापा टाकत आले, "डिरेक्टरी कुठे गायब?" तर वडिलांनी आतल्या खोलीतून सुनेला खूण केली, झोपलोय म्हणून सांग. काका खालच्या आवाजात विचारून गेले, "आजारी आहेत का?" ती "झोपलेत" एवढंच पुन्हा म्हणाली.

सगळ्यात वाईट ते नंबरांचं. दुपारी घरात एकटे असले की वडील खिडकीत बसून जुने नंबर आठवायचे. स्टेशन. अग्निशमन. मोठं रुग्णालय. बर्फाचा कारखाना. एका सकाळी निघताना मुलाने दारातून ऐकलं. ते एका नंबरावर अडले, पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागले, पुन्हा तिथेच अडले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तो दारातून मागे सरकला, पाऊल वाजू न देता.

"मला वाटतं, बाबांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊ या," बायको म्हणाली. "आधी असे नव्हते रे ते. एका बुटाने माणूस एवढा खचतो?"

"वय झालंय."

"तू असा काय बोलतोस? तुझेच वडील आहेत ना?"

त्याने जेवण अर्धवट टाकलं. त्या दिवसांत तो दुकानात गिऱ्हाइकासमोर गुडघा टेकून बसला आणि कोणी डावा पाय पुढे केला, की तो उजवा मागायचा.

सेल संपायच्या आधीच त्याने खोकं खाली उतरवलं. मॅनेजर नको म्हणत असताना बूट नॅपकिनमध्ये गुंडाळून भरदुपारी घरी आणला. वडील दुपारचे आडवे झाले होते, बायको दवाखान्यातून यायची होती. त्याने बूट पट्टीवर उजव्याशेजारी ठेवला, नाक बाहेर, नाडी आत. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. जोड छान दिसत होता. आता बाबा उठतील, बघतील, ओरडतील, हसतील, आणि झालं. एवढंच त्याला हवं होतं. कोणीतरी शोधून काढला म्हणू, माळ्यावर सापडला म्हणू.

वडील उठले. बोळात आले. बायकोही नेमकी तेव्हाच दार उघडून आत आली, आणि तिनेच आधी बघितलं. "अय्या, बाबा! सापडला!"

वडील भिंतीसमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि बुटाला न लावता मागे घेतला.

"हा इथेच होता," ते म्हणाले.

"अहो नाही, बाबा, हा—" मुलाने सुरुवात केली.

"इथेच होता. रोज मी इथे उभा राहून बघत होतो, आणि मला दिसत नव्हता." त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि ते भिंतीचा आधार घेत हळूहळू खाली बसले. "एक विसरणं वेगळं. हे वेगळं आहे. सूनबाई, मला कुठे ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा आता. माझी हरकत नाही. माझ्यासारख्यांसाठी जागा असतात, मला माहीत आहे. त्यांचे फोन जोडून दिलेत मी."

सुनेच्या हातातली पर्स खाली पडली.

मुलाने आता नाही तर कधीच नाही हे ओळखलं. तो वडिलांसमोर फरशीवर बसला. "बाबा, बूट इथे नव्हता. मी नेला होता. दुकानात, गोदामात ठेवला होता. तुम्ही एकटे बाहेर जाऊ नये म्हणून. आज परत आणलाय."

वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू लहानपणापासून असाच," ते म्हणाले. "भांडं दुसऱ्याने फोडलं तरी मी फोडलं म्हणायचास."

"नाही हो, बाबा! खरंच मी—"

"पुरे. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेऊ नकोस. बापाची एवढी तरी लाज राहू दे."

तो हात डोक्यावर होता तोपर्यंत त्याला मान वर करता येईना. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. त्याने बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी जुळत चाललं होतं. तिला पटलं होतं. वडिलांना पटत नव्हतं.

काय करावं ते न सुचून त्याने तेच केलं जे तो दिवसभर करायचा. डावा बूट काढला, नाडी सैल केली, वडिलांचा पाय गुडघ्यावर घेतला आणि बूट चढवू लागला. पाय अर्ध्यावर अडला. वडील कळवळले. "काय आहे आत?"

त्यांनी स्वतः बूट हातात घेतला, बोटं आत घातली, आणि कागदाचा बोळा बाहेर काढला. पातळ, करकरीत कागद. त्यांनी तो मांडीवर सरळ केला. कागदभर दुकानाचं चिन्ह छापलेलं होतं, लहान लहान, रांगेने.

वडील त्या चिन्हांवरून बोट फिरवत गेले. मग त्यांनी मान वर केली, आणि मुलाला दिसलं की समोर आता आजारी म्हातारा नाही.

"मी कॉटखाली वाकलो होतो," ते म्हणाले. "तू बॅटरी धरली होतीस."

"हो."

"मी म्हटलं डावीकडे धर."

"हो, बाबा."

"आणि तू धरलीस."

बायकोने तोंडावर हात घेतला आणि ती आत निघून गेली.

वडिलांनी बूट घातले. दोन्ही. नाड्या स्वतः बांधल्या, सावकाश, दोन-दोन गाठी. मुलाने उठायला हात दिला तो त्यांनी घेतला नाही, भिंत धरून उठले. दार उघडलं. तो मागे निघाला तसे ते उंबऱ्यात थांबून म्हणाले, "माझ्या मागे यायचं नाही." आणि जिना उतरून गेले.

तो तासन्‌तास खिडकीत उभा होता. बायको एक शब्द बोलली नाही. अंधार पडायला लागला तेव्हा आत्याचा फोन आला, वडिलांच्या धाकट्या बहिणीचा. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दोन बस बदलून वडील तिच्याकडे पोचले होते, वाट न चुकता.

"दादा आता इथे राहणार," आत्या म्हणाली. "आणि तू उद्या येऊ नकोस. मी सांगेन तेव्हा ये."

तिने सांगितलं तेव्हा तो गेला. वडील आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. आत्याने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, समोर पाण्याचा पेला ठेवला आणि कांदा चिरत चिरत त्याची हजेरी घेतली.

"काळजी होती म्हणतोस. मग दाराला कुलूप लावायचं होतंस. दादा चिडला असता, आदळआपट केली असती, पण कुलूप आहे हे तर कळलं असतं त्याला! तू त्याच्या डोक्यालाच कुलूप लावलंस रे, आणि किल्ली त्यानेच हरवली असं त्याला भासवलंस."

"चुकलं, आत्या."

"माझ्याकडे काय चुकलं म्हणतोस? मी तर जेवायला घालते त्याला. आणि इथे तो रोज सकाळी नवे रस्ते पालथे घालतो. रोज परत येतो."

"आणि नाही आला तर?" त्याच्या तोंडून गेलं.

आत्या चिरायची थांबली. "तर शोधायला जाईन. माणूस हरवला तर शोधतात. आधीच पुरून नाही ठेवत."

निघताना त्याने खोलीच्या दारातून आत बघितलं. वडील कॉटवर बसून पेपर वाचत होते. बूट कॉटपाशी होते, पायाला लागतील असे. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

घरी बायको पुन्हा बोलायला लागली, पण कामापुरतं. एकदा कपडे घडी करताना मध्येच म्हणाली, "मी त्यांच्यासाठी कपाटं सरकवली. टेलरकाकांना खोटं सांगितलं. मलाही तू त्यात ओढलंस, मला न सांगता." तो म्हणाला, बोळातल्या फळ्या काढून टाकतो. ती म्हणाली, "फळ्यांनी काय केलंय?" फळ्या राहिल्या.

वडील परत आले ते कोणी बोलावल्यामुळे नाही. आत्याकडे टीव्ही फार मोठ्याने लागतो, असं कारण त्यांनी सांगितलं. किल्ली मागून घेतली. दुसऱ्याच दिवशी बागेत गेले, आणि टेलरकाकांनी त्यांना बाकावर बसू देण्याआधी रुग्णालयाचा नंबर विचारला म्हणे. सांगता आला की नाही ते त्यांनी घरी सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत कोणी केली नाही. मुलाशी ते बोलायचे, नीट बोलायचे. पण पूर्वी चहा पिताना उगाच काहीतरी खोडी काढायचे, ते गेलं होतं. तो समोर येऊन बसला की त्यांचं बोलणं थोडं जपून होई, परक्या माणसासमोर होतं तसं.

आणि वय काही थांबलं नव्हतं. हळूहळू ते खरोखर विसरू लागले. एकदा चष्मा सापडेना. त्यांनी सगळीकडे बघितलं, मग मुलाच्या दारात येऊन उभे राहिले.

"तू ठेवलास का कुठे?"

रागाने नव्हे, अगदी साधं विचारलं होतं. तो मात्र ताडकन उठला. "नाही, बाबा. शप्पथ नाही."

चष्मा त्यांच्याच जुन्या कोटाच्या खिशात निघाला. "म्हणजे मीच," ते म्हणाले, आणि दिवसभर खिडकीपासून हलले नाहीत.

पुढच्या वेळी घड्याळ होतं. मनगटावरचं, नोकरीतून निवृत्त होताना मिळालेलं. सुनेला ते साखरेच्या डब्यात मिळालं. तिने ते न बोलता नवऱ्याच्या हातात दिलं. तो पुसत पुसत बाहेर आला. वडील कॉटखाली बघायला वाकायच्या बेतात होते, एक हात गुडघ्यावर.

"बाबा, हे घ्या."

"कुठे होतं?"

त्याने त्यांचा गुडघ्यावरचा हात बघितला. "माझ्याकडे. मीच ठेवलं होतं. घड्याळाचा सेल बदलायचा म्हणून नेणार होतो, तुम्हाला सांगायचं राहिलं."

वडील सरळ झाले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. काटे चालू होते, सेल बदलायची काही गरज नव्हती. पट्ट्याच्या खाचेत साखरेचा एक दाणा अडकला होता. तो त्यांना दिसला की नाही, सांगता येत नाही. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग असे कडाडले की समोरच्या काकूंनी दार उघडलं.

"अक्कल गहाण टाकलीस का? दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढं कळत नाही? एवढा घोडा झालास! या घरात माझी एक वस्तू जागेवर राहील तर शपथ! एकदा झालं, तेवढ्याने पोट भरलं नाही तुझं?"

तो मान खाली घालून उभा राहिला. वडील बोलत सुटले होते, आवाज चढत होता, पाठ ताठ झाली होती. बोलता बोलता त्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं. पट्टा पहिल्याच फटक्यात लागला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. नवऱ्याने तिच्याकडे बघून अगदी हळू मान हलवली, काही बोलू नकोस म्हणून. तिने आत जाऊन आधण ठेवलं.

"आणि सूनबाई," वडिलांनी बाहेरून हाक मारली, "चहा जरा जास्त टाक. घसा सुकला याला बोलून बोलून."